खुर्ची उलटी करून बघा

गेल्या डिसेंबरात मावसबहिणीच्या रिसेप्शनला आम्ही जरा लवकरच पोचलो. डेकोरेशनवाल्यांची दोन पोरं स्टेजवर खुर्च्या चढवत होती. त्याच त्या, सगळ्या हॉलमध्ये असतात त्या: सोनेरी पाय, लाल मखमल, पाठीच्या डोक्यावर पानाफुलांचा तुरा. त्यांच्या भाषेत ‘महाराजा चेअर’. एक खुर्ची आडवी पडली होती म्हणून मी वाकून तिच्या पोटाखाली डोकावलो. प्लायवूड, फोम, स्टेपलच्या पिनांची रांग, आणि स्प्रेचा सोनेरी रंग जिथे संपला होता तिथे उघडं पडलेलं लाकूड. “काय बघताय काका, भाड्याची आहे,” एक पोरगा म्हणाला.

भाड्याची खरीच. पण तिचं घराणं मोठं आहे. तिचे पाय, हात, तुरा, सगळं अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या राजखुर्च्यांची नकलेची नक्कल आहे. पंधराव्या आणि सोळाव्या लुईच्या काळात त्या खुर्च्या घडल्या आणि आज त्यातल्या एकेकीला काही कोटी रुपये मोजणारे लोक आहेत. लाकूड बीचचं किंवा अक्रोडाचं, वर सोन्याचा वर्ख. एवढंच असेल तर कोट्यवधी कशाचे? हे समजून घ्यायचं तर मी रिसेप्शनला जे केलं तेच करावं लागतं. समोरून सोनं बघायचं, मग खुर्ची उलटी करून जिथे सोनं पोचलेलं नाही तिथे बघायचं.

आधी खुर्चीच का, ते पाहू. आपल्याकडे राजा गादीवर बसतो. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असंच आपण म्हणतो. खुर्ची मराठीत आली ती मुख्यतः राजकारण्यांसाठी. फ्रेंच दरबारात मात्र कोणाच्या समोर कोण कशावर बसतो याचे बारीक नियम होते. हात असलेली खुर्ची, म्हणजे फोतय, सगळ्यात वरची. त्याखाली पाठ आहे पण हात नाहीत अशी खुर्ची. त्याखाली ताबुरे, म्हणजे पाठ नाही, हात नाहीत, नुसता गादीचा चौरंग. राजा-राणीसमोर या चौरंगावर बसायला मिळणं हासुद्धा डचेस बायकांचा मिरवायचा मान होता, बाकीचे उभेच. इंग्लंडचं राज्य गमावून दुसरा जेम्स फ्रान्सच्या आश्रयाला आला तेव्हा चौदाव्या लुईने त्याला आपल्या बरोबरीची हातांची खुर्ची दिली. ‘तू अजून राजाच आहेस’ हे सांगायला तेवढं पुरलं.

याच लुईच्या व्हर्सायच्या महालात एके काळी फर्निचर खऱ्या चांदीचं होतं. टेबलं, मोठाले दिवे, सिंहासनसुद्धा. १६८९ मध्ये युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा ते सगळं वितळवून त्याची नाणी पाडली. त्यानंतर दरबारी दिमाखाचा भार मोठ्या प्रमाणात वर्ख चढवलेल्या लाकडावर आला. लाकूड वितळवता येत नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझुसची झगमगती वेदी पाहिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तेही कोरलेलं लाकूडच, वर सोनं.

आता मुख्य मुद्दा. या खुर्च्यांबद्दल वाचताना ‘अमुक कारागिराने बनवलेली खुर्ची’ असं सारखं दिसतं. ते फार तर पाव खरं असतं. पॅरिसमध्ये एका माणसाने अख्खी खुर्ची करायची नाही, असा कायदाच होता म्हणा ना. प्रत्येक धंद्याचा आपला संघ, आणि प्रत्येक संघाची हद्द आखलेली. भरीव लाकडातून खुर्ची, पलंग घडवणारा सुतार तो ‘मन्विझिए’. लाकडावर मौल्यवान लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून कपाटं, टेबलं करणारा तो ‘एबेनिस्त’. दोघे एकाच संघातले, पण कामं वेगळी. खुर्चीवाल्याने सांगाडा करायचा. खोल नक्षी कोरायची ती शिल्पकारांच्या संघातल्या माणसाने. सोनं चढवायचं ते रंगारी-मुलामेवाल्याने. आणि शेवटी गादी, कापड, झालर हे ‘तापिसिए’चं काम. आपण सोफावाला म्हणतो ना, तो. फक्त त्याचा रुबाब खूपच मोठा. बहुतेक वेळा गिऱ्हाईक त्याच्याकडेच जायचं आणि बाकीच्यांना कामं तोच वाटायचा.

हद्द ओलांडली की भांडणं व्हायची. निकोला अर्तो नावाच्या माणसाने यावर सरळ तोडगा काढला. तो आधी शिल्पकारांचा सदस्य होता, मग त्याने सुतारांच्या संघातही नाव घातलं. सांगाडाही त्याचा, नक्षीही त्याची. त्याच्या खुर्च्यांमध्ये लाकडाची वळणं आणि नक्षी एकमेकांत अशी मिसळलेली असतात की सुतार कुठे संपला आणि शिल्पकार कुठे सुरू झाला ते कळत नाही. मला विचाराल तर त्या शतकातलं सगळ्यात देखणं काम त्याचं आहे, पण नाव मात्र फारसं कोणाला माहीत नसतं.

मग कारागिराचं नाव आपल्याला कळतं कुठून? इथे खुर्ची उलटी करायची. सुतार-संघाने १७४३ च्या नियमांत सदस्यांना आपल्या नावाचा लोखंडी शिक्का मालावर ठोकणं सक्तीचं केलं. खुर्चीवर तो बैठकीच्या चौकटीला खालच्या बाजूने सापडतो. संघाचे तपासनीस वर्षातून चार वेळा कार्यशाळेत फेरी मारायचे आणि काम पसंत पडलं की शेजारी संघाचा शिक्का. यातली गंमत लक्षात घ्या. शिल्पकार, मुलामेवाला, गादीवाला यांचं नाव खुर्चीवर असं ठोकलं जात नाही. ते वहीखात्यातच राहतं. शिक्का असतो सांगाडेवाल्याचा, आणि बिलात सर्वसाधारणपणे सगळ्यात छोटा आकडा त्याचाच असायचा. आणखी एक खोच म्हणजे राजाच्या थेट आश्रयाखाली काम करणाऱ्यांना आणि सेंत-आंत्वानसारख्या सवलतीच्या वस्तीतल्यांना या शिक्क्यातून सूट होती. त्यामुळे शिक्का नाही म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही. शिक्का आहे म्हणून खरी ठरते का? त्याकडे येतोच.

सांगाड्याचं काम साधं होतं असं मात्र नाही. हे खुर्चीवाले मुख्यतः र्‍यू द क्लेरी या रस्त्याच्या आसपास राहायचे. लाकूड बहुतेक वेळा बीचचं: स्वस्त, एकसारख्या रेषांचं, कोरायला सोपं. वर सोनंच चढणार, मग अक्रोड कशाला वाया घालवायचा! बीचचा एकच दुर्गुण, किडा त्यावर जीव टाकतो. सांधे म्हणाल तर एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारं कुसू, आणि आरपार लाकडी खुंटी. खिळा नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या तुळया जोडलेल्या पाहिल्या असतील तर हे वेगळं सांगायला नको.

आकार मात्र माणसांकडे, खरं तर बायकांच्या घागऱ्यांकडे, बघून बदलत गेला. चौदाव्या लुईच्या खुर्चीत हात पुढच्या पायांच्या बरोबर वर यायचे. १७२० च्या सुमाराला आत पिंजरा घातलेले फुगीर घागरे आले आणि त्यात बाई बसेना. मग हातांचे खांब मागे सरकवले. सपाट पाठीची खुर्ची ‘आ ला रेन’, म्हणजे राणीची पद्धत. ती भिंतीला टेकून मांडायची. तिची जागा ठरलेली, तिला हलवायचं नाही, त्यामुळे मागून ती बहुधा साधीच असते. भिंतीकडे कोण बघतंय? पाठ आतल्या बाजूला वळलेली ती ‘काब्रिओले’. ही हलकी, खोलीच्या मध्यात गप्पांसाठी ओढून घ्यायची. हातांच्या खालची जागा भरून काढलेली, सुट्या जाड उशीची आरामखुर्ची ती ‘बेर्झेर’. पंधराव्या लुईच्या खुर्चीला पाय नागमोडी, सोळाव्याच्या खुर्चीला सरळ, खाली निमुळते, उभ्या खोबणींचे. पुढच्या वेळी हॉलमधल्या खुर्चीचे पाय बघा. बहुतेक वेळा वरचा तुरा एका लुईचा आणि पाय दुसऱ्याचे असतात.

आता सोनं. इथे जरा थांबू, कारण खरी मेहनत इथेच आहे आणि ती दिसत नाही.

लाकडावर सरळ वर्ख चिकटवला तर लाकडाचा प्रत्येक तंतू त्यातून दिसेल आणि चकाकी येणार नाही. म्हणून आधी सरस. आपले सुतार जो वापरायचे तोच, पण इथे सशाच्या कातडीचा किंवा चामड्याच्या कातरणांचा. तो गरम करून लाकडाला पाजायचा. मग सरसात खडूची बारीक पूड कालवून त्याचे हात मारायचे. एक, दोन नाही. आठ, दहा, कधी बारा. प्रत्येक हात वाळला की पुढचा. शेवटी अख्खी खुर्ची पांढरीफटक होते, जाड लेप चढलेली, आणि शिल्पकाराने जीव ओतून कोरलेल्या पाकळ्या, शिरा, मणी सगळे बुजून जातात. बर्फ पडल्यावर अंगण दिसतं तसं.

मग दुसरा कारागीर बाकदार लोखंडी हत्यारं घेऊन त्या खडूच्या लेपात नक्षी पुन्हा कोरतो. पानाची शीर लाकडात जेवढी बारीक काढता येत नाही तेवढी खडूत काढता येते. म्हणजे राजखुर्चीवर आपल्याला जी कुरकुरीत, धारदार नक्षी दिसते ती लाकडाची नव्हेच. ती खडूची आहे. आपण शिल्पकाराचं कौतुक करत असतो आणि दाद खरं तर मुलामेवाल्याच्या माणसाला द्यायला हवी असते. पुढे दोनशे वर्षांत कोणी अडाणी माणसाने ती खुर्ची खरवडून पुन्हा सोनेरी केली की लाकूड शाबूत राहतं आणि हे काम कायमचं जातं. म्हणूनच मूळ मुलामा टिकलेल्या खुर्चीची किंमत एकदम वेगळी असते.

लेप घासून गुळगुळीत झाला की पिवळ्या मातीचा हात. वर्ख न पोचलेला कोपरा राहिलाच तर तो पिवळा दिसावा, पांढरा नको. उंच भागांवर त्यानंतर लाल चिकणमाती, सरसात कालवलेली, लोण्यासारखी मऊ. सोन्याला जी ऊब येते ती या खालच्या लाल मातीची. जुन्या खुर्चीच्या हातांवर सोनं झिजून तांबूस डाग दिसतात ना, ती हीच माती.

मग वर्ख. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख आपण बोटाने उचलायला गेलो की तो बोटालाच चिकटून विरतो. सोन्याच्या वर्खाचंही तेच. आजच्या वर्खाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. म्हणून तो चामड्याच्या छोट्या गादीवर ठेवतात, आणि वारा लागू नये म्हणून तिच्या तीन बाजूंना कडा उभ्या केलेल्या असतात. चपटी, विरळ केसांची कुंचली कारागीर आधी स्वतःच्या गालावरून फिरवतो. गालाच्या तेलकटपणाने वर्ख कुंचलीला जेमतेम धरतो. मातीवर पाणी लावायचं, वर्ख जवळ न्यायचा, की पाणीच त्याला ओढून घेतं. श्वाससुद्धा बेताने सोडायचा.

वाळत आलं की अकीकाच्या गुळगुळीत दगडाने, किंवा पूर्वी कुत्र्याच्या सुळ्याने, काही भाग घोटायचे. घोटला तो भाग आरशासारखा चमकतो, न घोटलेला मंद राहतो. फुलाची कड चकाकती आणि पोट मंद, मणी चकाकते आणि त्यांच्यामधली खोबण मंद. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात ही खुर्ची जिवंत वाटायची ती त्यामुळे. ट्यूबलाइटखाली तिच्यावर अन्यायच होतो. आणि स्प्रेने मारलेला सोनेरी रंग सगळीकडे सारखाच चमकतो. नकली खुर्ची लांबूनच डोळ्यांत खुपते ती याचमुळे.

गादीच्या कामात मी फार शिरत नाही. जाड विणीचे पट्टे, वर घोड्याचे केस, वर कापड. त्या काळच्या खुर्चीत स्प्रिंग नव्हती. पण हे लक्षात ठेवा की लियों शहराचं रेशीम आणि भरतकाम यांचा खर्च बहुधा लाकडापेक्षा कितीतरी जास्त असायचा. श्रीमंत घरांत बैठक आणि पाठ काढता-घालता येईल अशा चौकटींवर बसवायचे, म्हणजे उन्हाळ्याचं कापड आणि हिवाळ्याचं कापड बदलता यायचं.

एक खुर्ची नजरेसमोर ठेवू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या सँ-क्लूच्या महालातली १७८८ ची बेर्झेर आहे. सांगाडा झाँ-बाप्तिस्त-क्लोद सने याचा, रंग आणि मुलामा लुई-फ्रान्स्वा शातार याचा. पाठीच्या माथ्यावर राणीची आद्याक्षरं. हे सगळं आपल्याला एवढं नेमकं माहीत आहे त्याचं श्रेय गार्द-मब्ल या सरकारी खात्याला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात, १६६३ मध्ये, राजाच्या फर्निचरसाठी हे खातं उभं राहिलं. कोणती वस्तू, कोणाकडून, कुठल्या खोलीसाठी, कितीला, सगळं वहीत. वस्तूंवर नंबर, महालाची खूण, खाली चिकटवलेली चिठ्ठी. सरकारी कचेरीतल्या कपाटावर पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेला असतो, त्याचेच हे थोरले भाऊ.

त्याच राणीसाठी १७८० च्या सुमाराला व्हर्सायमधल्या छोट्या त्रियानों महालाच्या बागेतल्या बेल्व्हेदेर नावाच्या मंडपाकरता खुर्च्यांचा एक संच निघाला. झाक गोंदुएँने आराखडा दिला, आणि राणीला पसंती सांगता यावी म्हणून आधी मेणाची छोटीशी प्रतिकृती केली. सांगाडे दुसऱ्या फ्रान्स्वा फोलियोचे, कोरीव काम मादाम बाबेल यांच्याकडे, मुलामा मादाम बार्दू यांच्याकडे. बायकांची नावं बघून दचकायला नको. नवऱ्यामागे विधवेने कार्यशाळा चालवावी ही संघांच्या व्यवहारात रुळलेली गोष्ट होती.

मग क्रांती झाली. १७९१ मध्ये संघ बरखास्त झाले. राणीला खुर्च्या पुरवणारा झोर्झ झाकोब हा चित्रकार दाव्हिदच्या ओळखीने वाचला आणि क्रांतिकारकांच्या राष्ट्रीय सभेचं फर्निचर करू लागला. व्हर्सायमधलं सामान ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४ असं वर्षभर लिलावात विकलं गेलं, १७ हजारांहून जास्त लॉट. संच फुटले. चार खुर्च्या इथे, दोन तिथे, बाकीच्यांचा पत्ताच नाही. वहीत मात्र सगळ्यांची नोंद.

थोडक्यात, यादी आहे आणि माल गायब आहे. फसवणाऱ्याला आणखी काय हवं?

२००७-०८ च्या सुमाराला पॅरिसमध्ये दोघांनी हेच हेरलं. एक बिल पालो. अठराव्या शतकातल्या फ्रेंच खुर्च्यांवरचा जगातला पहिल्या फळीचा तज्ज्ञ, सॉर्बोन विद्यापीठात शिकवणारा. दुसरा ब्रूनो देनू, व्हर्सायच्याच फर्निचरची डागडुजी करणारा नावाजलेला कोरीव कारागीर. आपल्याला जमतं का ते बघू, असं गमतीगमतीत सुरू झालं, असं त्यांनी पुढे सांगितलं. पालोने लिलावातून जुने सांगाडे स्वस्तात आणायचे, देनूने कोरायचे आणि जुने दिसतील असे करायचे, मग मुलामेवाला, मग गादीवाला. वाटणी थेट अठराव्या शतकासारखीच. शेवटी मोठ्या कारागिरांचे शिक्के: काही बनावट, काही खऱ्या जुन्या फर्निचरवरून काढून आणलेले. शिक्क्याचं काय, म्हणून मघाशी विचारलं ते यासाठी.

यातल्या काही खुर्च्या व्हर्सायच्या संग्रहालयानेच विकत घेतल्या. बेल्व्हेदेरच्या म्हणून खपवलेल्या दोन खुर्च्यांना २०१३ मध्ये फ्रान्सने ‘राष्ट्रीय ठेवा’ जाहीर केलं, आणि पुढे त्या कतारच्या एका राजपुत्राने २० लाख युरोंना घेतल्या. २०१६ मध्ये अटक झाली. जून २०२५ मध्ये पोंत्वाजच्या न्यायालयाने पालोला चार वर्षांची आणि देनूला तीन वर्षांची शिक्षा दिली, दोन्हींतला बहुतेक भाग स्थगित. शिवाय पालोला दोन लाख आणि देनूला एक लाख युरो दंड.

जाणकार माणूस अशा वेळी खुर्चीच्या पोटाखाली काय बघतो? हाताने मारलेल्या रंध्याच्या खुणा. लाकूड आकसल्यामुळे जरा वर आलेल्या खुंट्या. आणि किड्याची भोकं. किडा आत शिरतो तिथे वरून गोल भोक दिसतं. त्याचा बोगदा लाकडाच्या आत असतो. नक्षीच्या पृष्ठभागावर उघडे, लांबट बोगदे दिसले तर समजावं की किडा आधी येऊन गेला आणि कोरणारा नंतर आला. जुनं लाकूड, नवी नक्षी. आणि रंग. नव्याने कापलेलं बीच फिकट असतं, जुनं काळवंडतं. जिथे सोनं पोचत नाही तिथे हा फिकटपणा लपवायला काहीतरी फासावंच लागतं.

प्रकरण उलगडलं ते शेवटी पैशाच्या मागावरून. पण पालोच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला, जो पुढे स्वतः व्यापारी झाला, त्याआधीच संशय आला होता. देनू लाकडाला जुनाट रंग आणायला ज्येष्ठमध वितळवून लावतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने हातातलं आसन उलटं केलं, कोणी बघत नाहीसं पाहून उघड्या लाकडाला जीभ लावली. चव ज्येष्ठमधाची होती.